पुन्हा तेच, 13 तारीख आणि शुक्रवार

आला परत 13 तारखेचा शुक्रवार, आणि परत तोच मेसेज: ‘फ्रिग देवीचा पवित्र वार चर्चने अशुभ ठरवला.’ अहो, पुरावा कुठाय? फ्रायडे हे नाव फ्रिगवरून, म्हणजे उत्तर युरोपातल्या एका प्राचीन देवीवरून आलं, इतकं खरं. पण 13 आणि शुक्रवार ही जोडगोळी 19व्या शतकाआधी फारशी दिसतच नाही. 1307 साली टेम्पलरांची, म्हणजे धर्मयुद्धं लढणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाची, धरपकड झाली ती शुक्रवारी, 13 ऑक्टोबरला, हेही खरं. पण त्याची या अशुभ दिवसाशी सांगड लोकांनी फार नंतर घातली. स्पेन-ग्रीसमध्ये तर 13 तारखेचा मंगळवार वाईट! माझ्या मैत्रिणीने याच भीतीपायी ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकललं. रात्रभर पोट धरून कण्हत बसली होती. कॅलेंडरमधल्या एका चौकोनासाठी! जीव तुटतो हो.