भिंतीपलीकडचा खर्ज

ज्या शेजाऱ्यांच्या घोरण्यापायी मी उशाशी आवाजाचे यंत्र आणून ठेवले, त्यांनीच काल सकाळी दारात उभे राहून माझ्या आवाजाबद्दल तक्रार करावी, याला काय म्हणावे?

हे यंत्र बाहेरचा आवाज बंद करीत नाही. ते रात्रभर एकसुरी सरसर करीत राहते आणि शांततेतून एकदम उसळून झोपमोड करणारे आवाज त्यात बुडून जातात. १९६२ साली अमेरिकेत बाजारात आलेले असे यंत्र म्हणजे डबीत कोंडलेला पंखाच होता. माझ्या यंत्रात पंखा आहे, समुद्रही आहे. पण वरच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी अडवणारी भिंत खर्जाला मात्र वाट देते आणि शेजाऱ्यांचा खर्ज कसलेल्या गवयाचा आहे, म्हणून मी मुसळधार पाऊस निवडला.

"तुमचा नळ रात्रभर वाहतो," शेजारी म्हणाले.

"नळ नव्हे, पाऊस आहे."

"बाहेर तर सगळे कोरडे ठणठणीत आहे!"

"पाऊस माझ्या उशाशी असतो."

यावर त्यांनी अत्यंत मृदू स्वरात, घरात दुसरे कोणी मोठे माणूस आहे का, अशी चौकशी केली. मी निमूटपणे यंत्र आणून त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते कानाला लावले, उलटे केले आणि तळाशी बोट फिरवून ओल लागते का, हेही पाहून घेतले.

"पण हे लावायचे कशासाठी?"

"रात्री कोणीतरी फार घोरते."

"छे! मी तर इथेच झोपतो, मला कधी ऐकू आले नाही!"

पाण्याच्या आवाजाने आपल्याला रात्री सारखे उठावे लागते, तेव्हा पाऊस आणि समुद्र दोन्ही वर्ज्य करावेत, असेही त्यांनी जाताना बजावले. झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबेलच्या पुढे नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच सांगून ठेवले आहे. भिंतीपलीकडून येणाऱ्या घोरण्याची तक्रार मात्र कोणाकडे न्यावी, हे मला कोणी सांगत नाही. यंत्राला पैसे मी मोजले आणि त्यात काय वाजावे, हे ठरवणार ते. काल रात्री मी मुकाट्याने पंखा लावला, तोही हळू. घोरणे त्यातून समेसकट ऐकू आले.

"बघा," आज सकाळी ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "आता दोघांचीही झोप होते."