मुलांना थंडीत बाहेर जाऊ द्या, आणि मिटनचे दोन जोड द्या

आज दुपारी आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. "त्या चर्चच्या शाळेत एवढ्याएवढ्या पोरांना मायनसमध्ये बाहेर काढतात, यांना काही वाटतं की नाही?" त्याखाली ओळीने रडके चेहरे. शाळेचा नियम काय आहे, हे विचारायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत.

त्या शाळेत जेवणानंतरच्या सुट्टीत मैदानावर मी उभी असते, म्हणून लिहितेय. उत्तर विस्कॉन्सिनमधली, लुथरन चर्च–मिसुरी सिनॉड या अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चसंघाची शाळा. बालवर्ग ते आठवी मिळून साठेक मुलं, चार शिक्षक, प्रत्येक वर्गात दोन-तीन इयत्ता. आपल्यापैकी काहींची मुलं तिथे आहेत, ज्यांची नाहीत त्यांनी निदान नियम वाचून बोलावं.

नियम असा. वारा धरून जाणवणारं तापमान शून्य फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे १८ सेल्सिअसच्या खाली गेलं की सुट्टी आत. त्याच्या वर असेल तर सगळे बाहेर, वीस मिनिटं. थर्मामीटर १५ फॅरनहाइट दाखवतोय आणि वारा ताशी ५ मैल आहे, तर अंगाला ७ लागतं, म्हणजे बाहेर. तोच थर्मामीटर १५ आणि वारा २० मैल, तर अंगाला उणे २, म्हणजे आत. म्हणून काल बाहेर गेले आणि आज तापमान तेवढंच असून आत बसले, असं होतं. त्यात मनमानी नाही. शून्य फॅरनहाइट आणि १५ मैल वारा असेल तर जाणवतं उणे १९ फॅरनहाइट, आणि तिथे उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. शाळेची रेषा त्याच्या बरीच अलीकडे आखलेली आहे. ग्रुपवरचा तो 'मायनस' सेल्सिअसमधला होता. १५ फॅरनहाइट म्हणजे उणे ९. इथल्या जानेवारीत याला बरा दिवस म्हणतात.

आता खरी गोष्ट बोलू. मुलं थंडीने रडत नाहीत, ओल्या हातांनी रडतात.

मागच्या आठवड्यातला पहिलीतला एक मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अंगात उत्तम, महागडं जॅकेट. पायात खेळाचे बूट. हातात विणलेले पातळ ॲक्रिलिकचे हातमोजे. बाहेर आला, बर्फात हात घातले, गोळा केला, आणि पाचेक मिनिटांत मोजे चिंब. विणलेल्या कापडाला बर्फ चिकटतो, अंगाच्या उबेने वितळतो आणि आत झिरपतो. पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. तो मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला आणि हुंदके द्यायला लागला. घरी गेल्यावर आईला काय सांगणार तो? 'मला थंडीत उभं केलं.' त्याच्या परीने ते खरंच आहे. पण हातात पाणी न शिरणारे मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटांना एकच खोळ असलेले मोजे, असते तर तोच मुलगा घंटा झाल्यावरही आत यायला तयार झाला नसता.

तेव्हा कृपा करून हे वाचा. बोटांचे हातमोजे नकोत, मिटन हवेत, कारण चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. बाहेरून पाणी न शिरणारं कापड, मनगटावर लांब बाही. दोन जोड, कारण सकाळच्या सुट्टीत भिजलेला जोड दुपारपर्यंत वाळत नाही. आजीने विणून पाठवलेले लोकरीचे मोजे असतील तर ते जरूर घाला, पण आतून, वरून मिटन. अंगाला सुती बनियन नको. मुलं पळतात, घामेजतात, आणि सुती कापड तो घाम धरून ठेवतं. लोकर किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर चांगला. खांद्यावर पट्टे असलेली स्नो पँट घ्या, म्हणजे वाकल्यावर कमरेत बर्फ जात नाही. बुटांचं आतलं अस्तर बाहेर काढता येईल असे बूट घ्या, आणि एक माप मोठे. घट्ट बुटात जाड मोजे कोंबले की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. मफलर नको, घसरगुंडीवर अडकतो. गळ्यात घालायची लोकरी नळी मिळते, ती द्या. आणि प्रत्येक वस्तूवर, अगदी प्रत्येक मिटनवर, नाव लिहा. काळे मिटन सगळ्यांचे सारखेच दिसतात.

घालायचा क्रम घरी शिकवा. आधी स्नो पँट, मग बूट, पँटच्या आतली लवचिक पट्टी बुटावर ओढायची, मग जॅकेट, मग कानटोपी, आणि मिटन सगळ्यात शेवटी. मिटन आधी घातले की चेन लावता येत नाही, आणि एका शिक्षिकेपुढे पंधरा मुलं चेन लावायला रांगेत उभी राहतात. वीस मिनिटांच्या सुट्टीतली दहा तिथेच संपतात.

परत त्या मुलाकडे येते. त्याला आत कोणी आणलं माहीत आहे? मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. सातवीतली एक मुलगी त्याच्यापाशी गेली, त्याचे ओले मोजे ओढून काढले, त्याचे हात त्याच्याच जॅकेटच्या आत काखेत धरायला लावले आणि त्याला दारापर्यंत घेऊन आली. बोटं चोळली नाहीत. गरम नळाखाली धरली नाहीत. वर्गात शिकवलेलं आहे त्यांना: नाक, गाल, कान, बोटं यांवर पांढुरका, मेणासारखा डाग दिसला की चोळायचं नाही, अंगाची ऊब किंवा कोमट पाणी, आणि लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. बधिर झालेल्या कातडीला गरम पाणी कळत नाही आणि भाजतं, हे त्या बारा वर्षांच्या मुलीला ठाऊक होतं.

आणि याच शाळेबद्दल आपल्यातले लोक म्हणतात, 'एका वर्गात दोन इयत्ता, काय शिकणार?' राग याचाच जास्त येतो मला. अहो, मोठी मुलं आणि लहान मुलं रोज एकाच छताखाली, एकाच जेवणाच्या टेबलावर असतात, म्हणून ती सातवीतली मुलगी त्या मुलाला नावाने ओळखत होती. मोठ्या शाळेत पहिलीची सुट्टी वेगळी आणि सातवीची वेगळी. कुठून भेटणार ती दोघं? हो, प्रयोगशाळा छोटी आहे, बँड नाही, आठवीच्या गणितात पुढे पळणाऱ्या मुलाला कधीकधी ताटकळावं लागतं. मान्य. पुढे.

मिसुरी सिनॉडचे लोक हे शाळेचं वेड आजचं घेऊन आलेले नाहीत. १८३९ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीहून आलेल्या लोकांनी मिसुरीच्या पेरी काउंटीत वस्ती केली आणि त्याच वर्षी अल्टेनबर्गला ओंडक्यांची शाळा उभी केली. सिनॉड स्थापन झाला तो १८४७ मध्ये. म्हणजे शाळा आधी. म्हणूनच चर्चची मंडळी लहान असली, रविवारी बाकं निम्मी रिकामी असली तरी ही माणसं शाळा बंद करायला तयार होत नाहीत.

शाळा बंद ठेवण्यावरूनही ग्रुपवर बरंच तोंडसुख घेऊन झालं. 'जरा बर्फ पडला की सुट्टी, फी मात्र पूर्ण.' विस्कॉन्सिनच्या कायद्याप्रमाणे लांब राहणाऱ्या मुलांची ने-आण सरकारी शाळा जिल्ह्याला करावी लागते, मुलं खाजगी शाळेत जात असली तरी. आपली मुलं त्याच पिवळ्या बसमधून येतात. जिल्ह्याने बस थांबवल्या की अर्धी शाळा येऊच शकत नाही. कडाक्याच्या थंडीत डिझेल घट्ट होऊन गाळणीत अडकतं, बस वाटेतच बंद पडते, आणि आत मुलं असतात. त्यापेक्षा पहाटे साडेपाचचा 'आज शाळा नाही' हा मेसेज शंभर पटीने बरा. खाजगी शाळेला वर्षाला निदान ८७५ तास शिकवावं लागतं, आणि वेळापत्रकात त्याहून जास्त तास धरलेले असतात. अभ्यास बुडत नाही.

लिहितालिहिता राग थोडा निवळला, कारण हा आठवडाच असा आहे. जानेवारीअखेर लुथरन शाळांचा राष्ट्रीय आठवडा असतो. पाचवी ते आठवीची मुलं तळघरात चर्चमधल्या आज्यांबरोबर गोधड्या बांधतायत. हो, गोधड्याच, अगदी आपल्यासारख्या, जुन्या कापडांच्या तुकड्यांच्या. लुथरन वर्ल्ड रिलीफ या मदतसंस्थेकडे जायच्या, ६० बाय ८० इंच. वरचा थर, मधला उबेचा, खालचा, तिन्हीतून जाड दोरा आरपार काढून परत वर आणायचा आणि वीतभराच्या आत-आत गाठी मारत जायच्या. गाठ दुहेरी, आणि दुसऱ्या वेळी दोरा उलट दिशेने वळवायचा. दोन्ही वेळा एकाच बाजूने वळवला की गाठ धुण्यात सुटते आणि आतला थर एका कोपऱ्यात गोळा होतो. सहावीच्या मुलांच्या पहिल्या गाठी अशाच सुटतात. आज्या काही न बोलता पुन्हा दोरा ओवून देतात. आपल्या ग्रुपमधल्या किती जणींना गोधडी येते! या ना एखाद्या दिवशी. कोणी धर्म विचारत नाही तिथे, सुई देतात.

मैदानामागची बर्फाची रिंक, म्हणजे स्केटिंगची जागा, हीसुद्धा पालकांनीच केलेली आहे. ३० बाय ५० फूट, कडेला फळ्या, आत पांढरं प्लास्टिक. पांढरंच का, तर काळं ऊन शोषतं, पारदर्शकातून ऊन खालच्या जमिनीपर्यंत जातं, आणि बर्फ खालून वितळतो. घालण्याआधी काड्या, खडे वेचावे लागतात, एक भोक पडलं तरी पाणी रात्रीतून निघून जातं. जमिनीला उतार असतो, त्यामुळे सरासरी सहा इंच पाणी धरलं तर साधारण ५,६०० गॅलन लागतं, आणि बागेच्या नळीने मिनिटाला आठ गॅलन आलं तरी जवळजवळ बारा तास. सलग तीन दिवस कडक थंडीचा अंदाज असेल तेव्हाच सुरू करायचं. अर्धवट गोठलेल्या पाण्यावर बर्फ पडला की पृष्ठभाग खडबडीत होतो. उताराकडच्या फळीवर सगळा दाब येतो, तिला मागून आधार दिला नाही तर ती फुगते आणि तुटते. हे सगळं नोकरी सांभाळून, रात्री, दोन-चार वडील मंडळी करतात. आणि आपण ग्रुपवर विचारतो, शाळेत फॅसिलिटी काय आहेत.

त्या पहिलीतल्या मुलाने परवा त्याच रिंकवर खुर्ची ढकलत पहिली फेरी मारली. शाळेच्या कपाटातले मिटन आणि स्नो पँट घालून.

कपाटाचं मुद्दाम सांगते. हे सामान महाग आहे आणि मूल दर वर्षी वाढतं, ही तक्रार खरी आहे, त्यावर मला काही बोलायचं नाही. म्हणूनच ऑफिसशेजारी कपाट आहे, लहान झालेल्या स्नो पँट, बूट, मिटन तिथे येतात आणि ज्याला हवं तो घेऊन जातो. कोणी वहीत नोंद करत नाही. मागायला लाज वाटत असेल तर मला मेसेज करा, माप सांगा, दप्तरात घालून पाठवते.

नाताळाच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये मुलांची उपासना झाली, तिला आपल्यातले काही जण आले होते. लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय मुलं तोंडपाठ म्हणतात, थँक्सगिव्हिंगनंतर पाठांतर सुरू होतं. शाळा एवढी लहान की वाक्य वाट्याला आलं नाही असं मूलच नसतं. अडखळणाऱ्यालाही वाक्य, नुकतंच इंग्रजी शिकणाऱ्यालाही वाक्य. शेवटी प्रत्येकाच्या हातात कागदी पिशवी, संत्रं आणि गोळ्या. पूर्वी त्यात टरफलाचे शेंगदाणेही असत, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं आहेत. जुन्या लोकांना वाईट वाटलं, तरी त्यांनी ते थांबवलं.

फेब्रुवारीत राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, येईल, मग दर बुधवारी उपासनेआधी सूपचं जेवण. पालकांनी आळीपाळीने करायचं असतं. आपल्यातल्यांनी एक बुधवार घ्यावा असं मला मनापासून वाटतं. १८ क्वार्टच्या, म्हणजे साधारण १७ लिटरच्या, एका मोठ्या रोस्टरमध्ये (विजेवर तापणारं भांडं) जवळपास पन्नास वाट्या होतात. मसुराची आमटीसुद्धा चालेल, तिखट बेताचं ठेवा. गॅसवर पूर्ण उकळी आणूनच रोस्टरमध्ये ओता, रोस्टर गरम ठेवायला चांगला, गार रस्सा तापवायला त्याला तास न् तास लागतात. आणि दोन रोस्टर एकाच भिंतीवरच्या प्लगांना लावू नका. एक साधारण १,४५० वॅट घेतो, १५ अँपिअरची लाइन १,८०० वॅटच्या पुढे जात नाही. ब्रेकर पडतो, वर प्रार्थना चाललेली असते म्हणून खाली कोणाच्या लक्षात येत नाही, आणि जेवायच्या वेळी सूप कोमट.

ज्यांनी तो मेसेज टाकला त्यांच्यावर आता राग नाही. मूल रडत घरी आलं की कोणत्याही आईचा जीव तुटतो. पण पुढच्या वेळी आधी दप्तर उघडून मोजे ओले आहेत का ते बघा, मग शाळेला फोन करा, आणि त्यानंतरही काही बोलायचं उरलं तर ग्रुपवर लिहा. दम्याच्या मुलांना कोरडी गार हवा खरोखर बाधते, त्यांच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणा, ती मुलं आत ग्रंथालयात बसतात.

उद्या बुधवार, सकाळी चॅपल, म्हणजे शाळेची प्रार्थना. अंदाज १५ अंश, वारा ५ मैल. सुट्टी बाहेर आहे. आज घरी आलेल्या बुटांची अस्तरं आत्ता काढून हीटरपासून हातभर लांब उभी करून ठेवा, चिकटून ठेवली तर आक्रसतात. पहाटेपर्यंत वाळतील. दुसरा मिटनचा जोड दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, डब्याखाली नको, मुलांना सापडत नाही.