'पास आउट' म्हणजे नुसती भोवळ नव्हे

परवा रात्री भाचीचा फोन आला. लालबागला राहते, मराठी शाळेत शिकली, यंदा बी.कॉम. झाली. आवाज रडवेला. "मामा, मुलाखतीत 'आय पास्ड आउट' एवढं म्हणाले आणि तिथेच अडकले. पुढचं काही सुचेचना."

अडकली, कारण आदल्याच दिवशी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला होता. पास आउट म्हणजे फक्त बेशुद्ध पडणे. कॉलेजातून पास आउट होणं हे भारतीयांनी काढलेलं अडाणी इंग्रजी. पास आउट आणि पास अवे, म्हणजे मरणे, हे सख्खे भाऊ, म्हणून शब्द अशुभ. एचआरवाले असा बायोडेटा बघताच फेकून देतात. दहावी असो की एम.ए., सगळीकडे 'ग्रॅज्युएटेड'च म्हणा. खाली हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'.

यातला 'फक्त' हा शब्दच खोटा आहे. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी कोश उघडून बघा. शुद्ध हरपणे हा अर्थ आहेच. पण तिथेच 'ब्रिटिश इंग्रजी' अशी खूण करून दुसराही दिलाय: लष्करी संस्थेतलं प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे. म्हणजे भारतीयांनी काढलं हेही गेलं. खुद्द ब्रिटनमध्ये लष्कराच्याच नव्हे, पोलीस आणि अग्निशमन दलाच्या जवानांचीही 'पासिंग आउट परेड' होते. आपल्या खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, वर्षातून दोनदा होते, मराठी पेपर तिला दीक्षान्त संचलन म्हणतात. मे २०२५ मध्ये तिथून पहिल्यांदाच १७ मुली पास आउट झाल्या. लष्करातला तोच शब्द आपण कॉलेजला लावला, एवढंच.

एका शब्दाला एकच अर्थ, हा हट्ट मराठी माणसाने तरी धरू नये. आपल्याकडे घसा बसतो, धंदा बसतो, जम बसतो आणि पोरगी परीक्षेला बसते. बसणं कुठलं ते शेजारचा शब्द सांगतो. 'पास्ड आउट'च्या पुढे 'ऑफ कॉलेज' आलं की भोवळीचा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेत तर शिक्षिका वर्गात पेपर 'पास आउट' करतात, म्हणजे वाटतात.

पास अवेच्या भावकीबद्दल काय बोलायचं? 'पास' हे क्रियापद पन्नास ठिकाणी येतं. ते जाऊ द्या.

एचआरचा मुद्दा मात्र मला सहन झाला नाही. नोकरीच्या जाहिराती वाचा: '२०२४ आणि २०२५ पासआउट अर्ज करू शकतात.' जो शब्द कंपन्या स्वतः छापतात, तो उमेदवाराने उच्चारला म्हणून त्याचा कागद फेकतील? मराठी माध्यमातल्या पोरांच्या मनात इंग्रजीची धाकधूक आधीच असते. तिला असं खतपाणी घालून कुणाला काय मिळतं? माझ्या भाचीला हिशेब येतो, टॅली येतं. ती अडली ती एका फॉरवर्डमुळे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. 'मी २०२५ची पासआउट' असं नाम आपल्याकडेच चालतं. अमेरिकन माणसासमोर नुसतं 'आय पास्ड आउट इन २०२५' म्हटलं, तर त्याला चक्करच ऐकू येईल. परदेशी कंपनीला लिहिताना 'कम्प्लीटेड' किंवा 'ग्रॅज्युएटेड' लिहावं, बरं पडतं. पण दहावीला ग्रॅज्युएटेड? ब्रिटिश इंग्रजीत तो शब्द मुख्यतः विद्यापीठाच्या पदवीसाठी आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंही बघितलेलं नाही.

हे सगळं मी त्याच ग्रुपवर टाकलंय. सोमवारी भाचीची अंधेरीला दुसरी मुलाखत आहे, इथलीच कंपनी. काल फोनवर तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं: 'आय पास्ड आउट ऑफ कॉलेज धिस इयर.' चौथ्या वेळी कुठेही न अडखळता म्हणाली.