कोंडी बसमुळे होत होती का?

इंदूरचा बीआरटीएस मार्ग, म्हणजे फक्त बससाठी राखलेली वेगळी मार्गिका, काढून टाकण्याच्या निर्णयाचे माझ्या घरी आणि बहुतेक नातलगांत स्वागतच झाले. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा असा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा हा मार्ग 2013 मध्ये सुरू झाला. नोव्हेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी तो हटवण्याची घोषणा केली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्याला संमती दिली. एबी रोडच्या (आग्रा-मुंबई रस्त्याच्या) मधोमध असलेल्या या मार्गिकेमुळे बाकीच्या वाहनांची कोंडी होते, हे त्यामागचे मुख्य कारण. झुरिकमध्ये राहणाऱ्या मला हे कारण उलटे वाटते. आणि तसे म्हटले की "तिकडे बसून बोलणे सोपे आहे" हे उत्तर ठरलेले असते.

झुरिकची ट्रॅम म्हणजे श्रीमंत देशाचे लाड, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात ट्रॅम जमिनीखाली नेण्याची योजना तेथील मतदारांनी 1962 मध्ये फेटाळली आणि 1973 मध्ये भुयारी रेल्वेलाही नकार दिला. त्यानंतर 1977 मध्ये त्याच मतदारांनी ट्रॅम आणि बसचा वेग वाढवण्यासाठी 20 कोटी फ्रँक मंजूर केले. त्यातून भुयार खणायचे नव्हते. असलेल्या रस्त्यावरच सार्वजनिक वाहनांना स्वतंत्र जागा द्यायची होती आणि ट्रॅम जवळ येताच सिग्नल हिरवा होईल अशी व्यवस्था करायची होती. मोटारींची गैरसोय होणार हे सगळ्यांना कळत होते, आणि ती पत्करली गेली. पुढे 1996 मध्ये व्यापारी आणि राजकीय पक्ष यांच्यात तडजोड होऊन शहराच्या मध्यभागातील पार्किंगची संख्या 1990 च्या पातळीवर गोठवण्यात आली. आज तेथील निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे मोटार नाही.

घरच्यांचा आक्षेप खोटा नाही. झुरिकची वस्ती साडेचार लाखांच्या आसपास. इंदूर 2011 च्या जनगणनेतच वीस लाखांच्या जवळ होते. शिवाय इंदूर मोटारीपेक्षा स्कूटरवर चालते. सुदामा नगरातून शहराच्या मध्यावरच्या राजवाड्याला निघालेल्या माणसाला स्कूटर दारातून दारात नेते, आणि मे महिन्याच्या उन्हात थांब्यापर्यंत चालत जाण्याचा सल्ला त्याला द्यायला मीही धजावणार नाही. पण बसने स्कूटरशी स्पर्धा करायची, तर तिच्याकडे वेगाखेरीज दुसरे काय आहे? तो वेग त्या मार्गिकेतून येत होता. विजयनगर ते भंवरकुआ हे अंतर आयबस (या मार्गिकेतून धावणारी बस) ठराविक वेळात कापत असे, म्हणूनच विद्यार्थी आणि नोकरदार तिच्यावर विसंबत. आता तीच बस मोटारींच्या रांगेत उभी राहील, आणि ज्यांना परवडेल ते हप्त्यावर गाडी घेऊन त्याच रांगेत आणखी एकाची भर घालतील.

"मेट्रो येते आहे ना" हे दुसरे उत्तर. मेट्रोला माझा विरोध नाही. परंतु 31 मे 2025 रोजी सुरू झालेला सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरवर आहे, जिथे अजून वस्तीच विरळ आहे. सुमारे 31 किलोमीटरचे संपूर्ण वर्तुळ, मध्यवर्ती भागातील भुयारी टप्प्यासह, पूर्ण होईपर्यंत, पलासिया आणि गीता भवन येथून रोज जाणाऱ्यांनी काय करायचे, याचे उत्तर कोणी देत नाही. मधल्या काळात उड्डाणपुलांची चर्चा मात्र जोरात आहे. पुलावरून सुटलेली कोंडी पुढच्या चौकात जाऊन बसते, हे पाहायला झुरिकला यावे लागत नाही.

2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिले येणाऱ्या शहराला सवयी बदलत नाहीत, असे म्हणणे शोभत नाही. घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा होऊ लागला, तो नगर निगमाची गाडी रोज न चुकता दारात येऊ लागल्यावर. बसलाही तेवढाच नेम हवा. बसमार्गिकेच्या कडेच्या जाळ्या परत येणार नाहीत, हे मी धरूनच चालतो. तरी एबी रोडवर गर्दीच्या वेळी डावीकडची एक पट्टी रंगवून बससाठी राखता येईल, मोठ्या चौकांत बसला आधी सिग्नल देता येईल, आणि राजवाड्याभोवती मोटारी उभ्या करण्याचे भाडे जागेच्या भावाप्रमाणे घेता येईल. तिन्हींसाठी भुयार किंवा पूल लागत नाही. वाहतूक पोलीस, नगर निगम आणि बस चालवणारी कंपनी यांना एका टेबलाशी बसावे लागेल.