कोल्हापूरच्या गटाला अमेरिकेचा कागद कशाला?

गेले काही आठवडे घरी फोन केला की पंचगंगेचं पाणी, आईचे गुडघे, भाचीचे दात हे सगळं शेवटी येतं. आधी गटाचं भांडण.

कोल्हापुरात मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी आठ-दहा ख्रिस्ती कुटुंबं आहेत. शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतात. एक जण गणित घेतो, एक जण विज्ञान, वहिनी पेटीवर गाणी शिकवते, मग पोरं अंगणात आणि आया चहाला. दहावीला एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, नाहीतर बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म. माझा धाकटा भाऊ त्यातलाच. आजवर या गटाला नावसुद्धा नव्हतं. आता सभासद कुणाला करायचं यासाठी सात कलमांचा कागद निघालाय. पवित्र शास्त्र चुकारहित आहे, तारण केवळ विश्वासानं, सृष्टी सहा दिवसांत, बाप्तिस्मा कळत्या वयात आणि पाण्यात बुडवूनच, वगैरे. आईबापांनी दोघांनी सह्या करायच्या. इचलकरंजीचं एक कॅथलिक कुटुंब त्यामुळे दारातच राहिलं. एका हिंदू बाईनं विचारलं होतं, फक्त विज्ञानाच्या तासाला मुलाला आणू का? तिला कुणी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मी यात पडले नसते. पण दोन्ही बाजू माझंच नाव पुढे करतात. कागदवाले म्हणतात, "याची अक्का अमेरिकेत आहे, तिकडं सगळे गट असंच करतात." विरोधातले म्हणतात, "अमेरिकेतनं आलेली जातपंचायत आम्हाला नको." आता साक्षीला मलाच उभं केलंय, तर माझंही ऐका.

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला नर्स म्हणून रात्रपाळी करते आणि दिवसा दोन मुलांना घरी शिकवते. झोपतेस कधी, हे आई विचारते. त्यावर पुन्हा कधीतरी. एक ऑगस्टच्या आत शाळांच्या डिस्ट्रिक्टला अ‍ॅफिडेव्हिट जातं, वर्षाचे १८० दिवस भरावे लागतात, जूनमध्ये इव्हॅल्युएटर वह्या बघून जाते. तिसरी, पाचवी, आठवीला परीक्षा. आगीपासून बचाव हा विषयसुद्धा कायद्यानं शिकवावा लागतो, तो मात्र माझी पोरं मन लावून शिकतात. मंगळवारी को-ऑप, म्हणजे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा गट, एका चर्चच्या तळघरात. वाटेत पुढे आमिश लोकांची घोड्याची बग्गी लागली की दहा मिनिटं उशीर ठरलेला. तिथं मीही विश्वासाच्या कागदावर सही केली आहे. म्हणजे कागदवाल्यांचं निम्मं खरं.

उरलेलं निम्मं ते सांगत नाहीत, कारण त्यांना ठाऊक नाही. आमच्या कागदात बाप्तिस्म्याचं कलमच नाही. प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेनोनाइट एकाच टेबलावर बसून फ्रॅक्शन्स शिकवतात. शिंपडायचं की बुडवायचं हे लिहायला घेतलं असतं तर को-ऑप पहिल्याच मंगळवारी मोडला असता. ते कलम तुम्ही कोल्हापुरात वरनं जोडलंत. तेव्हा "अमेरिकेत असंच" हे तेवढं मागे घ्या.

दुसरं असं की इथं ज्याला आमचा कागद पटत नाही त्याला रूट ३० ओलांडला की बिनकागदाचा गट सापडतो. कॅथलिकांचा वेगळा आहे, कुठलाच धर्म न मानणाऱ्यांचा वेगळा. दार लावून घेतलं म्हणून कुणी उघड्यावर पडत नाही. कोल्हापुरात तुमचा एकच गट. तुम्ही नाही म्हटलं की त्या इचलकरंजीच्या बाईनं जायचं कुठं, सांगलीला?

आणि हे कागद इथं आले तेही उगाच नाही. १९८० च्या आसपास काही राज्यांत घरी शिकवणाऱ्या आईबापांवर खटले चालत होते. त्यांची बाजू लढवायला एचएसएलडीए ही संघटना १९८३ मध्ये निघाली, आणि १९९३ पर्यंत सगळ्या राज्यांत कायद्यानं वाट मोकळी झाली. घाबरलेली माणसं आधी आपली माणसं मोजून घेतात. भीती गेली, मोजणी राहिली. इथल्या बायकांना हे सांगितलं तर त्या नम्रपणे हसतात आणि कॉफी ओततात.

आता जातपंचायतवाल्यांकडे येते. मर्यादा घातली की लगेच जात आठवावी, हा आपल्याकडचा आळस आहे. माझ्या मुलांना कोण शिकवणार, त्यांच्याबरोबर बंद खोलीत कोण बसणार, हे ठरवायचा हक्क मला नको? तळघरात शिकवायला उभं राहण्याआधी मला क्लिअरन्स, म्हणजे माझ्यावर काही गुन्हा नाही असे दाखले, आणावे लागले, राज्य पोलिसांचा एक, चाइल्ड अब्यूजचा एक. राज्यात दहा वर्षं झाली नव्हती म्हणून बोटांचे ठसेही दिले. कुणाला त्यात अपमान वाटला नाही, मलाही नाही. कोल्हापूरच्या कागदात सात कलमं आहेत आणि मुलांजवळ एकटं कोण थांबेल याबद्दल त्यात एक ओळ नाही. भावाला हे विचारलं तर म्हणाला, "आपलीच माणसं आहेत अक्का." आपलीच माणसं! नर्सला हे सांगतोय. अत्याचार झालेल्या मुलांना रात्री दोन वाजता हॉस्पिटलात घेऊन येतात तेव्हा फॉर्मवर करणाऱ्याचं नातं लिहावं लागतं, आणि तिथं 'अनोळखी' फार क्वचित येतं.

खरं तर मर्यादा कशी घालायची हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. गंगावेशीच्या तालमीत जा. वस्ताद पोराची पत्रिका बघत नाही. पहाटे येतो का, लंगोट नीट बांधतो का, हौद्यात उतरल्यावर उर्मटपणा करतो का, एवढं बघतो, आणि नाही जमलं तर सरळ घरी पाठवतो.

शाहू महाराजांचंही तेच. कोल्हापुरात बसून शाळा नको म्हणणं ही आधीच गमतीची गोष्ट आहे. याच संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना रुपया दंड. महाराज असते तर माझ्या भावाच्या नावावर बरीच थकबाकी निघाली असती. पण त्यांच्या बोर्डिंगांकडे बघा. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य, इंडियन ख्रिश्चन, प्रत्येकाचं वेगळं. याला कुणी मर्यादा म्हणेल, कुणी भेद म्हणेल. त्याच राजानं १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरसकट सगळ्यांच्या शाळेत बसवलं. जेवायला-झोपायला आपापलं घर, फळ्यासमोर मात्र सगळे एक. मला विचाराल तर गटाचा प्रश्न इथंच सुटतो. प्रार्थना, शास्त्रपाठ, नाताळचं नाटक तुमचं तुम्ही करा, तिथं सही मागा. विज्ञानाच्या तासाला सही कशाला? प्रकाशाचं अपवर्तन कॅथलिक पोराला वेगळं होत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांनाही हा प्रश्न नवा नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्येच, साताऱ्याला, देवाचा दरबार काढला होता. ख्रिस्ताच्या मागे जाणाऱ्यांचा मेळा, त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते आणि न घेतलेलेही चालत होते. दोन वर्षांत टिळक गेले. दरबार पुढे वाढला नाही, हे कागदवाले लगेच म्हणतील, म्हणून मीच म्हणून ठेवते.

हे सगळं मी भावाला एका दमात ऐकवलं. तो ऐकून घेतो, लहानपणापासून. मग म्हणाला, "अक्का, त्या हिंदू बाईला आम्ही बाप्तिस्म्यासाठी अडवलं असं वाटतं तुला? उद्या तिच्या दिराला कुणी सांगितलं की पोराला बाटवतात, तर शनिवारी आमच्या दारात कोण येईल? तू येशील लँकेस्टरहून?" मी गप्प. शेजारच्या कर्नाटकात २०२२ मध्ये धर्मांतराचा कायदा झाला तेव्हा निपाणी-बेळगावचे नातेवाईक काय बोलत होते ते त्यानं समोर बसून ऐकलंय, मी फोनवर. त्याच्या दृष्टीनं तो कागद बाहेरच्यांना दाखवायचा आहे: बघा, आमच्याकडे आमचीच मुलं आहेत, सह्यांनिशी.

त्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि तेही कायद्याचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवली तर लाखापर्यंत दंड आहे. सभासद, अर्ज, सह्यांची फाईल, फी, ठरलेला वार असं सगळं जमवलंत की शनिवारचा चहा बघणाऱ्याला शाळेसारखाच दिसू लागतो. कागद तुम्हाला वाचवेल असं तुम्ही धरून चाललाय; मला तर तो तुमच्याविरुद्ध लावता येण्यासारखा दिसतो. भाऊ म्हणाला, वकिलाला विचारतो. म्हणजे मुद्दा थोडा तरी लागला.

पण कागदाबद्दल इतकं बोलते तर माझ्या सहीचंही सांगायला हवं. लँकेस्टरच्या कागदात सहा दिवसांच्या सृष्टीचं कलम आहे. मिरजेला शरीरशास्त्र शिकलेली बाई मी, ते कलम अक्षरशः मानत नाही. पेन हातात धरून क्षणभर थांबले. समोरच्या बाईनं माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती, माझ्या धाकट्याला मफलर गुंडाळला होता. पहिला हिवाळा, घरी यायला कुणी नाही, आठवड्यात नवऱ्याव्यतिरिक्त कुणाशी चार वाक्यं बोलले असेन तर कॅशियरशी. मी सही केली. त्या कलमाचा अर्थ मला हवा तसा लावला आणि तारीख घातली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. त्या कागदानं माझ्या विश्वासाबद्दल त्या बायकांना काय कळलं असेल ते देव जाणे. मला मंगळवार मिळाला.

कोल्हापुरात मला कधी सही करावी लागली नाही, आणि आत असल्याचा दाखलाही कधी मिळाला नाही. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ मध्ये तिथं आले, म्हणजे आमची मंडळी काही कालपरवाची नव्हे. तरी कॉलेजात प्रत्येक नवीन मैत्रीण विचारायची, "ख्रिश्चन? मग गोव्याची का?" कोल्हापूरची म्हटलं की "पण मराठी किती छान बोलतेस!" घरी नाताळाला करंज्या-चकल्या व्हायच्या, शेजारच्या काकूंकडे ताट जायचं, त्यांच्याकडून दिवाळीचं यायचं, आणि काकू ताट परत देताना त्यात साखर घालायच्या. त्या काकूंच्या घरी मी आत होते. बाकी ठिकाणी बहुधा उंबऱ्यावर. इथं तळघरात मला गोव्याची का असं कोणी विचारत नाही. त्यांना गोवाही माहीत नाही आणि कोल्हापूरही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या या अज्ञानात मला फार निवांत वाटतं. हे वाचून वहिनी म्हणेल, मग राहा की तिथंच. राहतेच आहे.

म्हणूनच कोल्हापूरच्या कागदातलं ते पाचवं, बाप्तिस्म्याचं कलम मला इतकं झोंबलं. माझा बाप्तिस्मा वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये झाला, मी तीन महिन्यांची असताना, डोक्यावर पाणी शिंपडून. भावाचाही तसाच झाला. त्यानं पुढे मोठेपणी पुन्हा बुडवून घेतला, मी घेतला नाही. म्हणजे उद्या मी पोरांना घेऊन कोल्हापूरला परत आले तर लँकेस्टरचा गट मला ओळखतो आणि माझ्या सख्ख्या भावाचा गट मला घेत नाही. आईला घेत नाही. ज्या पाळकांनी आम्हा दोघांना संडे स्कूलमध्ये बसवलं त्यांनाही घेत नाही. हे मी भावाला म्हटलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तुझ्यासाठी अपवाद करू." मला अपवाद नको. इचलकरंजीच्या बाईला अपवाद कोण करणार?

येत्या शनिवारी कागदावर शेवटची चर्चा आहे. माझं म्हणणं लिहून पाठवलंय: पाचवं कलम काढा. सही फक्त शास्त्रपाठ घेणाऱ्यांची. फी नको, अर्ज नकोत. कुठल्याही मुलाजवळ एकाच मोठ्या माणसानं थांबायचं नाही, दोन हवेत, आणि मुलाचे आईबाप त्याच घरात हवेत. हा शेवटचा नियम त्या हिंदू बाईच्या दिरालाही दाखवता येईल. भावानं अंगठा पाठवलाय. वहिनीनं विचारलंय की मोठी दोन माणसं दर शनिवारी आणायची कुठून, सगळे पुरुष तर अर्धा दिवस कामावर असतात.