समाधानी रुग्ण व्हायचंय?

सरकारी दवाखान्याच्या दारात कधीतरी टॅब घेतलेला एखादा तरुण गाठतो आणि विचारतो, ‘सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?’ गांगरू नका. समाधान ऐनवेळी सुचत नाही, त्याची तयारी घरूनच करून निघावं.

आजार निवडताना सकाळच्या ओपीडीत बसेल असाच निवडा. सर्दी, खोकला, ‘आंग दुखस’ हे उत्तम. सापाला मात्र वेळेचं भान नसतं. पंपाची लाईट रात्रीची मिळते म्हणून केळीला पाणी भरायला गेलात आणि पायाखाली काही आलं, तर तो हलगर्जीपणा तुमचा.

मग आकडे पाठ करा. सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात २०,०००. एवढ्या जत्रेत डॉक्टरांनी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, तर आणखी काय हवं? सिस्टरवर तर चिडूच नका. (हे मात्र खरंच सांगतो. बाळंतपण, लसीकरण, रजिस्टर सगळं तिच्याच गळ्यात, आणि वर तीच माहिती पुन्हा मोबाईलमध्ये भरायची.)

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरापासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. खिडकीतून हातावर कागदात गुंडाळलेल्या सहा पांढऱ्या गोळ्या पडतात, सोबत ‘हे बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी. मोफत काय ते गोळ्या. चिठ्ठी, काळी-पिवळीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हा तुमचा घरगुती मामला. त्याचा सेवेशी काय संबंध?

तरी मन खट्टू झालं, तर धडगाव-अक्कलकुव्याकडचे पाडे आठवा. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, पण ती येणार रस्ता असेल तिथवर. त्याच्या अलीकडे बांबूला बांधलेली झोळी आणि नातेवाइकांचे खांदे. त्या झोळीतला माणूस वेळेत पोचला नाही, तर त्याचं मत नोंदवायला टॅबमध्ये रकाना नसतो. बकरी विकून खासगीत गेलेला, नवापूरहून गुजरातेत किंवा रावेरहून बऱ्हाणपूरला पळालेला, यांनाही कोणी विचारत नाही. विचारतात ते दारातून औषध घेऊन निघालेल्याला. टक्केवारी चांगली येते ती काय उगाच?

उत्तर देताना मागे सिस्टर उभी आहे का, ते बघून घ्या. पुढच्या सोमवारी इंजेक्शन तिच्याच हातून घ्यायचंय. ‘बरं शे, दादा’ म्हणा आणि सगळीकडे पाच तारे द्या. शेवटी ‘काही सूचना?’ विचारलं, तर ‘पंखा’ एवढाच शब्द सांगा. मे महिन्यात जळगावच्या उन्हात तो मागणं तक्रारीत धरत नाहीत.