कॉन्स्टंटाइनने नाण्यांवरचे देव ‘दुसऱ्याच दिवशी’ उतरवले?

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. इ. स. ३१२ मध्ये रोमजवळच्या मिल्वियन पुलाच्या लढाईआधी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनला आकाशात क्रूस दिसला, तो जिंकला आणि ‘दुसऱ्याच दिवशी’ रोमन नाण्यांवरून देवांची हकालपट्टी झाली. लढाई झाली, तो जिंकला, हे खरं. हकालपट्टीचं मात्र नाणी वेगळंच सांगतात.

लढाईनंतर लंडनपासून रोमपर्यंतच्या टांकसाळींतून कांस्याची जी नाणी ढिगाने पडली, त्यांवर सूर्यदेव सोल उभा आहे. डोक्याभोवती किरणं, उजवा हात उंचावलेला, डाव्या हातात पृथ्वीचा गोल. कडेने लेख: ‘सोली इन्विक्तो कोमिती’, म्हणजे ‘अजिंक्य सूर्याला, सोबत्याला’. कुणाचा सोबती? नाणं उलटा, दर्शनी बाजूला कॉन्स्टंटाइनच आहे. कांस्यावर हा सूर्य साधारण ३१७-१८ पर्यंत टिकला, सोन्यावर तर ३२५ च्या सुमारापर्यंत. दुसरा दिवस चांगलाच लांबला म्हणायचा!

‘तो सूर्य म्हणजे येशूच’ ही पुढची पळवाट. मग ३१० सालच्या भाषणाचं काय करायचं? गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) सम्राटासमोर झालेल्या त्या स्तुतिपर भाषणात त्याला अपोलोचं, म्हणजे सूर्याशी जोडल्या गेलेल्या देवाचं, दर्शन झाल्याचं सांगितलंय आणि सोलची नाणी त्याच सुमाराला सुरू होतात. लढाईच्या दोन वर्षं आधी. त्या सूर्यात एखाद्या ख्रिस्ती माणसाला येशू दिसलाही असेल, पण कोरलेलं नाव सोलचं आहे.

‘टांकसाळवाल्यांनी जुनेच ठसे वापरले, सम्राटाला पत्ता नव्हता.’ हेही पटत नाही. तिकिनम (इटलीतलं आजचं पाविया) इथलं ३१३ चं सोन्याचं मोठं पदक पाहा: कॉन्स्टंटाइन आणि सोल, खांद्याला खांदा लावून. असं पदक सम्राटाच्या नकळत निघत नाही.

उरलं ख्रिस्ताचं चिन्ह, म्हणजे ग्रीकमधल्या ‘ख्रिस्त’ या नावाची पहिली दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली. ३१५ च्या चांदीच्या पदकावर ते शिरस्त्राणाच्या तुऱ्यापाशी आहे, इतकं बारीक की शोधावं लागतं. कांस्यावर ठळक दिसतं ते ३२७ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल): ध्वजदंडाच्या टोकावर चिन्ह, खाली भोसकलेला साप. पण हे नाणं दुर्मीळ. ३३० नंतर लोकांच्या हातात खुळखुळत होती ती दोन सैनिकांची, नाहीतर रोमच्या दंतकथेतल्या रोम्युलस-रीमस या जुळ्यांना पाजणाऱ्या लांडगीची नाणी.

ज्युपिटर, मार्स, सोल हे देव ३२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कांस्यावरून गेले, एवढं त्या मजकुराच्या पदरात घालू. पंखवाली विजयदेवता व्हिक्टोरिया मात्र जागची हलली नाही. सहाव्या शतकात, सम्राट पहिल्या जस्टिनच्या सोन्याच्या नाण्यांवर, तिच्या जागी देवदूत आला. पंख तेच.